तास भरले

माझ्या स्कूटरच्या इंजिनातलं ऑइल मी परवापरवापर्यंत डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते आत आहे, असं मला सांगण्यात आलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवून होतो. परमेश्वराच्या बाबतीतही माझी परिस्थिती साधारण अशीच असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. संध्याकाळी स्कूटर ताब्यात देताना गॅरेजवाला ‘ऑइल बदललंय, साहेब’ एवढंच म्हणे. मी पैसे देई. तो फडक्याला हात पुशी. त्याने खरोखर ऑइल बदललं, की झाकण उघडून आत नुसतं ‘आहेस ना रे बाबा?’ असं विचारून पुन्हा लावलं, हे कळायला मला मार्ग नव्हता. बी.कॉम.ला इंजिन नव्हतं.

आता तुम्हीच बघा, आपलं सगळं आयुष्य अशा न पाहिलेल्या ऑइलवर चाललेलं असतं. हॉटेलातला कप धुतला होता की नुसता पाण्याला दाखवला होता, हे आपण विचारत नाही. शिंप्याने आतली शिवण दुहेरी मारली की एकेरी, हे पँट फाटेपर्यंत कळत नाही, आणि ती कुठे फाटेल यावर आपली अब्रू अवलंबून असते. डॉक्टर छातीला नळी लावून ‘हं, हं’ करतात तेव्हा त्यांना आपलं हृदय ऐकू येत असतं की मनातल्या मनात ते मुलाच्या फीचा हिशेब करत असतात, हे त्यांचं त्यांना ठाऊक. आपण आपले ‘श्वास घ्या’ म्हटलं की घेतो आणि ‘सोडा’ म्हटलं की सोडतो.

मग प्रश्न असा उरतो, की कुणीच बघत नसेल, तर माणसाने काम नीट का करायचं?

हा प्रश्न मला आपण होऊन पडला असता तर मी स्वतःला मोठा समजलो असतो. पण तो मला भाच्याच्या वहीत सापडला. माझा एक भाचा पुण्याला सदाशिव पेठेत राहून यूपीएससीचा अभ्यास करतो. म्हणजे सदाशिव पेठेत राहतो हे नक्की. अभ्यासाचं माझ्या स्कूटरच्या ऑइलसारखंच आहे. २०१३ पासून त्या परीक्षेत नीतिशास्त्राचा अडीचशे मार्कांचा एक पेपर आलेला आहे, त्याच्या नोट्स तो दिवाळीत आमच्याकडे विसरून गेला. (नीतिशास्त्राच्याच नोट्स विसरला, यावरून मी बहिणीला काही बोललो नाही. नातं टिकवायचं होतं.) त्या मी दुपारच्या डब्याबरोबर वाचून काढल्या. त्यात प्लेटोने सांगितलेली लिडिया देशातल्या एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. अंगठीचा खडा तळहाताकडे फिरवला की तो दिसेनासा होतो. एवढं कळल्यावर त्या गृहस्थाने काय करावं? राणीला वश केलं, राजाला मारलं आणि राज्य बळकावलं. प्लेटोच्या पुस्तकात विचारतात, की अशी अंगठी मिळाल्यावर कोण सज्जन राहील? आमच्या बँकेत अशी अंगठी कुणाला मिळाली, तर तो राजाराणीच्या भानगडीत न पडता खडा फिरवून चारच्या एस.टी.ने घरी जाईल, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

पुढच्या पानावर कांट नावाचे जर्मन तत्त्वज्ञ होते. १७८५ सालच्या एका ग्रंथात त्यांनी एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो लहान पोरालाही मोठ्या माणसाच्याच भावाने माल देतो. कांट म्हणतात, त्याने हे गिऱ्हाईक टिकावं म्हणून केलं असेल, तर तो हिशेबी आहे; त्याला नीतिमान म्हणता येणार नाही. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे फार लागतं हो. आम्हाला कॉलेजात तीन वर्षं गिऱ्हाईक कसं टिकवायचं हेच शिकवलं होतं!

मी वही मिटली आणि विषय संपला असं समजलो. पण एप्रिलमध्ये मला माण तालुक्यातल्या एका पाझर तलावात जावं लागलं.

त्याचं असं झालं. आम्हा क्लार्कांना हल्ली ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. डबा नवा, तेल जुनं. ज्या शाखेत मी आहे तिथे माणसं कमी आणि फॉरमॅट जास्त. फील्ड ऑफिसर रजेवर गेले होते आणि एका कर्जाची तिमाही तपासणी राहिली होती. कर्ज पोकलेनवर दिलेलं. बँकेच्या भाषेत मशीन आमच्याकडे ‘हायपोथिकेट’ केलेलं, म्हणजे ताबा त्यांचा, बोजा आमचा, आणि ते जागेवर आहे की नाही ते दर तीन महिन्यांनी जाऊन बघायचं. मॅनेजरसाहेब म्हणाले, “तुम्हीच जाऊन या. फॉरमॅट भरून आणा, मी सही करतो.”

“साहेब, पण दोनच हप्ते राहिलेत,” मी म्हणालो. “एकदाही थकलेला नाही तो. पुढच्या महिन्यात कर्ज फिटणार, मशीन देऊन नवीन घेणार म्हणतोय. आता बघून काय करायचंय?”

“फॉरमॅटमध्ये तसा रकाना आहे का?” साहेबांनी विचारलं. तसा रकाना नव्हता. मी स्कूटरला किक मारली.

पोकलेन हे नाव आपण ज्या सहजतेने घेतो, त्या सहजतेने आपल्याला डालडाही घेता आलं नाही. खरं म्हणजे ते मशीनचं नाव नव्हेच. फ्रान्समधल्या एका कंपनीचं ते नाव. खोदकामाच्या हायड्रॉलिक मशिनी तिने बनवल्या आणि लार्सन अँड टुब्रोमार्फत त्या आपल्याकडे आल्या. पुढे इतर कंपन्यांच्या आल्या, पण आपण नाव बदललं नाही. चेनवर चालून लांब सोंडेने उकरणारी ती पोकलेन आणि चार चाकांवरची पिवळी ती जेसीबी, मग तिच्यावर नाव कुणाचं का असेना. फॉरमॅटमध्ये मात्र ‘हायड्रॉलिक एक्सकॅव्हेटर’ असं लिहिलेलं असतं. तसं रस्त्यात कुणाला विचारलं असतं, तर मी अजून त्या तालुक्यात फिरत असतो.

तलावात पाणी नव्हतं, गाळ होता. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली आली, तेव्हापासून उन्हाळ्यात तळ्यातला गाळ उपसून शेतात टाकायचं काम गावोगाव निघतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एका बाजूला ओळीने उभ्या होत्या आणि त्यांचे मालक बाभळीखाली आडवे झाले होते. मशीन मात्र बंद. बकेट जमिनीला टेकवलेली, इंजिनाचं झाकण उघडं, आणि पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले. बँकेच्या माणसाला बंद मशीन दिसलं की कर्ज बुडाल्यासारखंच वाटतं. मी लांबूनच ओरडलो, “काय हो, बिघडलं का काय?”

पायांनी उत्तर दिलं, “न्हाय सायेब. ऑइल बदलतुया. तास भरलं.”

‘तास भरले’ हे शब्द ऐकून मी जरा चरकलो. आपल्याकडे घडा भरतो, शंभर अपराध भरतात, आणि भरल्यावर जे होतं ते चांगलं नसतं. पण इथे हिशेब साधा होता. मोटारीचं वय किलोमीटरवर मोजतात, पोकलेनचं तासांवर. सीटपाशी एक मीटर असतो, इंजिन जेवढं चालेल तेवढे तास त्यात पडतात. या मशीनच्या पुस्तकात पाचशे तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला असं लिहिलंय. पण इथली धूळ पुस्तक लिहिणाऱ्याच्या नाकात गेलेली नाही, म्हणून हे ऑपरेटर अडीचशेलाच बदलतात. सात हजार अडीचशे तास भरले होते, वर एक.

ऑपरेटर पोटाखालून बाहेर आले. पंचावन्न-साठीचे असतील. हाताखालचं पोरगं त्यांना मामा म्हणत होतं, म्हणून मीही मामा म्हणालो. मामांनी आधी खिसा चाचपला. चावी खिशात होती. “पोटात त्याल नसताना कुणी हौशीनं स्टार्टर मारला तर इंजान जाम हुईल. म्हणून चावी हितं,” ते म्हणाले. आमच्या बँकेत तिजोरीला दोन चाव्या आणि दोन माणसं लागतात. इथे एकच चावी, एकच खिसा, आणि सुरक्षितता मला जास्त वाटली.

खालच्या घमेल्यात ऑइलची धार पडत होती. मी बोट पुढे केलं, तसं मामांनी मनगटच धरलं. “भाजंल! मुद्दाम गरम काढतुय. पाच मिंटं चालवून मग बंद केलं. गरम असलं की घाण तेलात तरंगत ऱ्हाती, तेलाबरं भाईर येती. थंड केलं की तळाला बसती आन् नव्या तेलात पुन्ना कालवती.”

धार काळीकुट्ट होती. मी बँकेतल्या आवाजात म्हणालो, “फारच खराब झालंय हो. आधीच बदलायला हवं होतं.”

मामा हसले. “काळं झालं म्हंजी खराब न्हवं, सायेब. डिजेल इंजानाचं त्याल काळंच होनार. काजळी धरून ठिवायचं कामच हाय त्येचं. दोनशे तास चालून त्याल पांढरंच ऱ्हायलं, तर समजायचं त्यानं काय केलंच न्हाय.”

मला आमच्या शाखेतले दोन-तीन अत्यंत स्वच्छ सहकारी आठवले. पण ते असो.

मग फिल्टर निघाला. पट्ट्याचा पान्हा लावून मामांनी तो सैल केला, हाताने फिरवून काढला आणि पहिलं काम काय केलं, तर तो जिथून निघाला त्या जागेवरून बोट फिरवलं. का? तर जुनी रबरी रिंग कधीकधी वरच चिकटून राहते. ती न बघता नवा फिल्टर चढवला, तर रिंगीवर रिंग बसते, आणि इंजिन चालू केल्यावर सगळं ऑइल बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला त्यांनी चांगल्या तेलाचं बोट लावलं, तीट लावावी तसं. रिंग टेकेपर्यंत फिरवला, मग हातानेच पाऊण फेरी आणखी. पान्हा नाही लावला. “लई आवळलं की रबर दबतंय, पुढल्या टायमाला निघत न्हाय,” एवढंच म्हणाले. ड्रेन प्लगला नवा वॉशर घातला. जुना फिल्टर पोराने पत्रा कापून उघडला आणि आतल्या कागदाच्या घड्या मामांनी उन्हात पसरून पाहिल्या, आजी तांदूळ निवडताना बघते तशा. चमकणारी धातूची कीस दिसली तर आत बेअरिंग झिजतंय असं समजायचं. कीस नव्हती. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून झाकण लावलं. गाळातच ओतून द्यायला काय हरकत होती, असं मी विचारलं, तर मामांनी बाभळीखालच्या शेतकऱ्यांकडे पाहिलं. तो गाळ त्यांच्या शेतात जायचा होता.

आता मला माझा प्रश्न विचारायची संधी दिसली. वीस-बावीस टनांच्या या मशीनला साधारण वीस ते पंचवीस लिटर ऑइल लागतं. म्हणजे एक मोठी बादली आणि वर थोडं, शिवाय फिल्टर. काही हजारांचा माल. मालक तालुक्याच्या गावी एसीत. मी विचारलं, “मामा, खरं सांगा. जुनाच फिल्टर पुसून ठेवला आणि बादली विकून टाकली, तर कुणाला कळणार आहे?”

“कुनालाबी न्हाय,” मामा शांतपणे म्हणाले. “करत्यात की लोक. फिल्टरला फडकं मारायचं, नव्यागत दिसतुय.”

“पण इंजिन बंद पडेल ना?”

“लगीच कशाला पडंल?” आणि मग मामांनी मला जे सांगितलं, ते भाच्याच्या नोट्समध्ये नव्हतं. फिल्टरच्या वाटेवर एक झडप असते, बायपासची. फिल्टर घाणीने तुंबला की ऑइल अडतं. ऑइल अडलं तर इंजिन जाईल. म्हणून दाब वाढला की ही झडप आपोआप उघडते आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढे जातं. गाळून मिळत नसेल तर न गाळता, पण इंजिनाला ऑइल मिळालंच पाहिजे, अशी ती दयाबुद्धीने केलेली सोय आहे. यात आवाज होत नाही. मशीन थांबत नाही. समोर ऑइलचा लाल दिवा असतो, तोही लागत नाही, कारण दाब तर ठीक असतो. सगळं छान चाललेलं असतं आणि आत घाण फिरत असते. “वरीस वरीस चालतंय तसं,” मामा म्हणाले. “मग एक दिस सगळं एकदम.”

मी गप्प झालो. पण नोट्स वाचलेल्या होत्या. सोडतो की काय! म्हणालो, “म्हणजे मशीन टिकावं म्हणून तुम्ही बदलता. मशीन टिकलं तर नोकरी टिकेल.” माझा कांटचा दुकानदार तयार होता.

“ह्ये कुठं टिकवायचंय? पुढल्या म्हयन्यात ह्ये देऊन नवं घेनार हायती मालक. ह्येच्यावर दुसराच कुनीतरी बसंल.”

“मग कशाला बदलताय?”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस बँकेत चिकटला तरी कसा! मग मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, “तास भरलं की ओ.”

एवढंच. पुढे काही नाही. मी वाट पाहिली. एखादा अभंग, वडिलांची शिकवण, निदान ‘वरचा बघतोय’ एवढं तरी येईल. काही आलं नाही. ते बादलीतून नवं ऑइल ओतायला लागले होते.

मी आपला फॉरमॅट काढला. मशीन जागेवर: होय. स्थिती: चालू. (इंजिन चालू करून दाखवलं, लाल दिवा लागला आणि विझला, गळती नाही, बंद करून थोडं थांबून गेज पाहिलं, दोन खुणांच्या मध्ये.) अवर-मीटर वाचन: ७,२५१. आणि मागील तिमाहीचं वाचन म्हणून शेजारच्या रकान्यात नजर गेली, तर तिथे होतं ७,३१०.

वाचकहो, तासांचा मीटर उलटा चालत नाही. तरी मी तो पुन्हा जाऊन पाहिला. ७,२५१च होते. शेजारचं ७,३१० माझ्याच अक्षरात होतं.

जानेवारीतला तो अहवालही मीच भरला होता. बँकेत बसून. शाखेत नूतनीकरणाची गर्दी, बाहेर थंडी, आणि कर्जदार इतका चांगला की संशय घेणं हा त्याचा अपमान. मी त्याला फोन केला, त्याने बिचाऱ्याने मोबाईलवर मशीनचा एक फोटो पाठवला, आणि ऑक्टोबरच्या ६,८९० या आकड्यात मी रविवार वजा करून, दिवसाचे तास धरून, ४२० मिळवले. बेरीज अचूक होती. कॉमर्सचा विद्यार्थी आहे. वर लिहिलं : ‘दि. १६ जानेवारी रोजी मशीन प्रत्यक्ष पाहिले. चालू स्थितीत आढळले.’ साहेबांनी सही केली.

मी सहजच विचारावं तसं विचारलं, “मामा, जानेवारीत मशीन कुठे होतं हो?”

मामांनी सीटखालून एक वही काढली. चुरगळलेली, तेलाची बोटं उमटलेली, पेन्सिलीने लिहिलेली. प्रत्येक ऑइलची तारीख आणि तास. त्यात होतं : ‘१२ जानेवारी. पंप गेला. कऱ्हाडला गॅरेज.’ पाच आठवडे. म्हणजे १६ जानेवारीला मी ‘प्रत्यक्ष पाहिलेलं’ मशीन कऱ्हाडला सुटं होऊन पडलं होतं. मी मोबाईल काढून तो फोटो पाहिला. मशीनच्या पुढे पाण्याचं डबकं होतं आणि मागे हिरवंगार गवत. माण तालुक्यात, जानेवारीत! मी तेव्हा फोटोही पाहिला नव्हता. फोटो आला आहे, एवढंच पाहिलं होतं.

आता काय करायचं? ७,२५१ लिहावेत तर मागचं उघडं पडतं. ७,७०० लिहावेत तर न चाललेले साडेचारशे तास त्या मशीनच्या अंगावर चढतात. आणि तेवढ्यात, अगदी आवाज न होता, माझ्या डोक्यात दोन शब्द आले : ‘मीटर नादुरुस्त.’ किती सुंदर शब्द! रकाना भरतो, कुणी विचारत नाही, मागचं झाकलं जातं, आणि कर्ज पुढच्या महिन्यात फिटणार. कुणाचं काय नुकसान? पेन कागदाला टेकलंसुद्धा होतं. लाल दिवा लागला नाही. छातीत धस्स झालं नाही. उलट बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणूनच मला ती झडप आठवली.

सद्सद्विवेकबुद्धी म्हणून जे काही असतं, त्याबद्दल माझी लहानपणापासून अशी समजूत होती, की ती टोचते. आपण वाईट करायला गेलो की आत काहीतरी अडतं. पण ती तुंबली तर काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती तुंबली की माणूस थांबत नाही. तो छान चालू राहतो. पगारवाढी घेतो, सत्यनारायण घालतो, मुलांना खरं बोलायला शिकवतो. जानेवारीत मी तो अहवाल लिहिला त्या दिवशी मला काहीच टोचलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन मी गॅरेजवाल्यांच्या लबाडीवर आमच्या हिला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं.

मी ७,२५१ लिहिलं आणि बाभळीखाली बसून शेरा लिहिला : ‘मागील अहवालातील वाचन व स्थिती प्रत्यक्ष पाहून लिहिलेली नव्हती.’ लिहिताना हात फार जड झाला होता, हे कबूल करतो. हात जड होण्याचं खरं कारण मी नव्हतो. मॅनेजरसाहेब ऑगस्टअखेर रिटायर व्हायचे होते. मागच्या अहवालावर सही त्यांची होती. माझा प्रामाणिकपणा त्यांच्या खर्चाने होणार होता आणि दुसऱ्याच्या खात्यातून दानधर्म करणं आमच्या धंद्यात गुन्हा मानतात. परतीच्या वाटेवर चाळीस किलोमीटर मी याच हिशेबात होतो. दुहेरी नोंदीची पद्धत इटलीतल्या पाचोली नावाच्या धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात मांडली. तिचा मुद्दा एवढाच, की एकीकडे जमा झालं असेल तर कुठेतरी ते नावे पडलेलं असतंच. दिवसाकाठी मी शंभर ठिकाणी दुसऱ्याच्या न पाहिलेल्या कामावर विसंबतो : कपावर, शिवणीवर, नळीवर, एस.टी.च्या ब्रेकवर. तो सगळा विश्वास माझ्या खात्यात जमा. आणि नावे काय? तर माझं एक टेबल. तिथे साहेबांनी माझ्या आकड्यावर डोळे मिटून सही केली, म्हणजे साहेब स्कूटरवाले होते आणि ‘ऑइल बदललंय, साहेब’ म्हणून फडक्याला हात पुसणारा मी होतो. मग आता त्यांना वाचवण्यासाठी पुन्हा न सांगता राहणं, म्हणजे त्याच फिल्टरला फडकं मारणं झालं. असा हिशेब बरोबर जुळला, तरी साहेबांच्या केबिनचं दार काही हलकं झालं नाही.

साहेबांनी शेरा दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला आणि तिसऱ्यांदा वाचला. “हे लिहायलाच पाहिजे होतं का?”

“आकडा माझा होता, साहेब. तुम्ही माझ्यावर विसंबून सही केलीत. तसंही लिहून देतो.”

“चार महिने राहिलेत हो माझे,” ते म्हणाले. यावर मला उत्तर सुचलं नाही. ‘तास भरले’ असं म्हणणं त्या प्रसंगी बरं दिसलं नसतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी सही केली. वरून खुलासा मागवला गेला. मी माझा दिला, त्यांनी त्यांचा दिला. मला एक ताकीदपत्र मिळालं, ते फाइलला आहे. साहेबांना काही झालं नाही, पण त्यांचे शेवटचे महिने आमचं बोलणं ‘पासबुक छापून द्या’ एवढ्यावरच राहिलं. निरोप समारंभात त्यांनी सर्वांची नावं घेऊन आभार मानले. माझं घेतलं नाही. प्रामाणिकपणाने मन हलकं होतं असं लिहिणाऱ्यांनी बहुधा मोकळ्या बाभळीखाली बसून लिहिलेलं असावं. नंतर केबिनमध्ये ते गेलेले नसावेत. मी चुकलो असं मला वाटत नाही. पण साहेबांचा चेहरा आठवला की हलकंही वाटत नाही. या दोन्ही नोंदी माझ्या खात्यात आहेत आणि त्या एकमेकींतून वजा होत नाहीत.

एक केलं मात्र. पुढच्या रविवारी स्कूटर घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि सांगितलं, “ऑइल बदला. मी इथेच बसतो.” माझ्या आवाजात थोडा मामांचा खर्ज आला असावा. गॅरेजवाल्याने वर पाहिलं. “बसा की, साहेब.”

प्लग काढला. बाहेर जे आलं त्याला धार म्हणवत नाही. डांबरासारखं काहीतरी, विचार करत करत खाली उतरलं. तेही इतकं थोडं, की लहान मुलाच्या डोक्याला पुरलं नसतं. माझे सगळे संशय खरे ठरले! मी विजयी मुद्रेने म्हणालो, “हे बदललेलं ऑइल आहे?”

“शेवटचं कधी बदललं होतं?” त्याने शांतपणे विचारलं.

“तुम्हीच बदललं होतंत!”

“मीच बदललं असणार,” असं म्हणत त्याने टेबलाच्या खणातून एक वही काढली. हिलाही तेलाची बोटं. गाडीचा नंबर शोधत त्याने पानं उलटली, मागे, आणखी मागे, आणि मग वही माझ्यापुढे धरली. तारीख बरोबर दोन वर्षं चार महिन्यांपूर्वीची होती. खाली माझीच सही.

“किलोमीटर कधीच भरलेत, साहेब,” तो म्हणाला आणि फडक्याला हात पुसून नवं ऑइल आणायला आत गेला.